घरातली जुनी रिळं आणि कॅसेट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या काकांनी १९६२ ते १९७९ या काळात घरची चौदा रिळं काढली. वाढदिवस, मुंज, सिंहगड, घारापुरी, अलिबाग, आणि एक अख्खं रीळ गच्चीवरच्या वाळवणाचं. काका गेल्यावर डबा माझ्याकडे आला. तो उघडून, साफ करून, सगळं डिजिटल करून घेईपर्यंत मी बऱ्याच चुका केल्या. तेव्हापासून ओळखीची आणि ओळखीच्यांच्या ओळखीची माणसं आपापल्या पिशव्या घेऊन येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकलेलं बरं.

माळ्यावर एक डबा सापडलाय. आत नेमकं काय आहे हे कसं ओळखायचं?

आधी पट्टी घेऊन फिल्मची रुंदी मोजा. ८ मिलिमीटर भरली तर ती घरगुती कॅमेऱ्याची फिल्म. तिचे दोन प्रकार: साधी ८ मिमी, जी कोडॅकने १९३२ मध्ये आणली, आणि सुपर ८, जी १९६५ मध्ये आली. फरक कडेच्या भोकांत असतो. साध्या ८ ची भोकं मोठी असतात आणि दोन चौकटींच्या, म्हणजे फिल्मवरच्या दोन चित्रांच्या, सांध्यावर येतात. सुपर ८ ची बारीक असतात आणि चौकटीच्या बरोबर मध्यावर येतात. चष्मा सापडत नसेल तर चकतीचं मधलं छिद्र बघा. पेन्सिल जेमतेम जात असेल तर बहुधा साधी ८, करंगळी जात असेल तर सुपर ८. चकत्या मागाहून बदललेल्या असू शकतात, त्यामुळे शेवटचा शब्द भोकांचाच.

दुप्पट रुंद असेल तर १६ मिमी. ती १९२३ पासूनची, महाग, संस्थानिकांच्या आणि गिरणीवाल्यांच्या घरची. भोकं कडेला नसून दोन चौकटींच्या मध्ये एकेक असेल तर ती साडेनऊ मिमी, पाथे या फ्रेंच कंपनीची. (भोकांवरून आठवलं: दादासाहेब फाळक्यांच्या घरी कोऱ्या फिल्मला भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई अंधारात बसून करत. आपल्याकडचा सिनेमा एका अर्थी घरगुतीच सुरू झाला.)

कॅसेट ओळखणं सोपं. जाडजूड पुस्तकाएवढी ती व्हीएचएस, गाण्याच्या कॅसेटएवढी ती व्हिडिओ ८ किंवा हाय ८, आणि काडेपेटीपेक्षा थोडी मोठी ती मिनी डीव्ही.

एका रिळात किती वेळाचं चित्रण असतं?

लोकांना वाटतं तासभर तरी असेल. छोटी तीन इंची चकती पन्नास फुटांची असते. सुपर ८ मध्ये एका फुटात ७२ चौकटी, आणि सेकंदाला १८ चौकटी खर्च होतात. म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. साधी ८ थोडी जास्त चालते, चार मिनिटांच्या आसपास. संपलं.

हे एकदा डोक्यात बसलं की जुनी चित्रणं वेगळी दिसायला लागतात. काकांनी सकाळी सहाला निघून रात्री परत येईपर्यंतची सिंहगडची सहल एका रिळात बसवली आहे. चढण अकरा सेकंद, पुणे दरवाजा सहा, पिठलं-भाकरीची पंगत नऊ, आणि तानाजीच्या समाधीपाशी सगळ्यांना ओळीत उभं करून डावीकडून उजवीकडे फिरवलेला कॅमेरा सतरा. बोट बटणावर आणि हिशेब डोक्यात. आज आपण मोबाइलवर एका केकचं चार मिनिटं चित्रण करतो आणि ते पुन्हा कधी उघडतही नाही.

रिळाच्या बरोबर मधे केशरी झगझगाट का येतो? फिल्म खराब झालीय का?

नाही, तो साध्या ८ चा जन्मखुणेसारखा डाग आहे. कॅमेऱ्यात घालायची चकती खरं तर २५ फूट लांब आणि १६ मिमी रुंद असायची. आधी तिच्या अर्ध्या रुंदीवर चित्रण व्हायचं. मग कॅमेरा उघडून चकती उलटी घालायची आणि उरलेल्या अर्ध्यावर चित्रण करायचं. लॅबमध्ये धुतल्यावर ती उभी चिरून दोन तुकडे एकापुढे एक जोडत, म्हणून पन्नास फूट. चकती उलटताना कडेला उजेड लागायचा, तोच हा केशरी भडका.

आमच्या सिंहगडच्या रिळात तो भडका कल्याण दरवाजाच्या आधी येतो. आत्या सांगते, काकांनी तिची शाल मागून घेतली, ती डोक्यावर ओढून उकिडवे बसले आणि आत काहीतरी खुडबुड केली. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले, कोणाला तरी वाटलं यांना भोवळ आली. पडद्यावर ही सगळी गंमत म्हणजे दीड सेकंदाचा केशरी उजेड.

घरात जुना प्रोजेक्टर आहे. लावून बघू का?

मोह होतो, मला माहीत आहे. पण नको. फिल्म वर्षानुवर्षं पडून आकसलेली असते, भोकं प्रोजेक्टरच्या नखांत नीट बसत नाहीत आणि फटाफट फाटत जातात. प्रोजेक्टरचा रबरी पट्टा वितळून चिकट झालेला असतो. फिल्म अडकली की दिव्याच्या उष्णतेने त्या जागी फुगा येऊन भोक पडतं. माझं दुसरं रीळ मी असंच घालवलं. मुंजीतल्या मातृभोजनाच्या मधोमध आता एक तपकिरी वर्तुळ आहे.

खिडकीजवळ बसा, हातात सुती मोजे घाला, फूट-दोन फूट फिल्म उलगडून भिंगातून बघा. साडीचा काठ, गाडीचा आकार, समुद्र आहे की डोंगर, एवढं नक्की कळतं. उलगडलेली फिल्म जमिनीवर टेकू देऊ नका.

डबा उघडला की आंबट वास येतो. रीळ आंबलंय का?

जवळजवळ तसंच. ही फिल्म सेल्युलोज अ‍ॅसिटेटवर बनवलेली असते. उष्णता आणि दमट हवा मिळाली की तिच्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं, म्हणजे व्हिनेगरच. सुटलेलं आम्ल उरलेल्या फिल्मला आणखी कुजवतं, म्हणून एकदा सुरू झालं की वेग वाढतच जातो. फिल्म आकसते, कडेने लाटा येतात, शेवटी खरपूस पापडासारखी तुटते. या बिघाडाची पहिली तक्रार कोडॅककडे गेली ती १९५० च्या दशकात, भारत सरकारकडून. आपली हवा! मुंबई-कोकणातली रिळं नगर-सोलापूरकडच्या रिळांपेक्षा लवकर का जातात याचं उत्तर यातच आहे.

वासाचं रीळ बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा. हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यातून काढा, कागदी पुठ्ठ्याच्या खोक्यात मोकळं ठेवा आणि डिजिटल करायच्या रांगेत त्याला पहिला नंबर द्या. वास जात नाही आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. वेळ मात्र थोडा मिळवता येतो.

जुनी फिल्म पेट घेते म्हणतात. घरात ठेवणं धोक्याचं आहे का?

पेट घेणारी ती नायट्रेट फिल्म, जुन्या चित्रपटांची ३५ मिमी, जी १९५० च्या सुमाराला बंद झाली. ८ आणि १६ मिमी पहिल्यापासून सुरक्षित फिल्मवरच बनल्या, कारण त्या घरात, मुलाबाळांत चालवायच्या होत्या. बिनधास्त ठेवा.

एका रिळाचे रंग कालच काढल्यासारखे आणि दुसरं गुलाबी पडलंय, असं का?

पहिलं बहुधा कोडाक्रोम, म्हणजे कोडॅकची एक रंगीत फिल्म, असेल. त्याचे रंग अंधारात ठेवले तर पन्नास-साठ वर्षं हलत नाहीत. काकांच्या १९६४ च्या रिळातली आजीची डाळिंबी रंगाची इरकल आज पडद्यावर येते तेव्हा तिच्या सुना अजून त्या रंगावरून वाद घालतात. कोडाक्रोम धुण्याची प्रक्रिया किचकट, ती घरात जमत नसे. जगातल्या शेवटच्या लॅबने, अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये, शेवटचा रोल घेतला तो २०१० च्या डिसेंबरअखेर. तेव्हा डब्यात न धुतलेलं कोडाक्रोम सापडलं तर त्यातून आता रंग निघणार नाहीत. फार तर कृष्णधवल चित्र मिळू शकतं.

गुलाबी पडलेली ती दुसऱ्या पद्धतीची रंगीत फिल्म, जिचे निळे-हिरवे रंग आधी उडतात. स्कॅन केल्यावर संगणकावर ते बरेचसे सावरता येतात. कृष्णधवल रीळ असेल तर नशीबवान आहात, चांदीचं चित्र सगळ्यांत टिकाऊ.

सगळी चित्रणं सहलींचीच का? घरातलं काहीच कसं नाही?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण उत्तर भावनेत नाही, रसायनात आहे. त्या काळच्या रंगीत फिल्मला उजेड प्रचंड लागायचा. साठच्या दशकातल्या कोडाक्रोमचा वेग, म्हणजे उजेड टिपायची ताकद, एएसए या मापाने २५. आजचा मोबाइल अंधाऱ्या खोलीत सहज दोन-तीन हजारांवर जातो. म्हणजे पेठेतल्या वाड्याच्या स्वयंपाकघरात, जिथे दुपारीही दिवा लावावा लागे, तिथे ती फिल्म नुसती काळी निघायची. फोटोवाल्यांचे मोठे फ्लड दिवे लावले तरच काही उमटायचं, आणि मग फ्यूज उडायचा.

म्हणून सगळं कुटुंब उन्हात दिसतं. गच्ची, अंगण, समुद्रकिनारा, गड, सारसबाग, लोणावळ्याचा धबधबा. पाऊस क्वचितच, रात्र जवळजवळ नाहीच. दिवाळीतसुद्धा पहाटेचं अभ्यंगस्नान नाही. दहा वाजता, नवे कपडे घालून, उन्हात डोळे बारीक करून उभी असलेली मुलं आहेत. आमच्या चौदा रिळांत चूल एकदाही नाही, आणि माझी आजी दिवसातले दहा तास तिच्यापुढे असायची. तिचं सगळ्यांत मोठं सलग दर्शन वाळवणाच्या रिळात आहे, कारण पापड उन्हातच घालतात. तिने कुरडईचा सोऱ्या दाबलाय, कपाळावरचा घाम दंडाने पुसलाय, आणि कॅमेरा दिसताच "अरे, काढ तो" असं काहीसं म्हटलंय. आवाज नाही, पण ओठांवरून मी शपथेवर सांगू शकते.

ज्यांनी चित्रण केलं ते स्वतः कुठेच दिसत नाहीत. काही उपाय?

सावली बघा. संध्याकाळच्या चित्रणात, विशेषतः समुद्रावर, वाळूत कॅमेरा धरलेल्या माणसाची लांब सावली पुढे पडते. काचा, पितळी हंडे, गाडीचा दरवाजा यांतही प्रतिबिंब सापडतं. आमचे काका चौदा रिळांत तीनदा दिसतात. दोनदा सावली, आणि एकदा आत्याने कॅमेरा हातात घेतला तेव्हा. त्या वेळी चौकटीत त्यांचं डोकं नाही, शर्ट, पट्टा आणि हातवारे करणारे दोन हात आहेत: "वर धर, वर!"

आणखी एक बघा. कॅमेरा कोणाकडे वळतो आणि कोणाला टाळतो. घरातल्या विधवा आत्येआजी आमच्या कुठल्याच मंगलकार्याच्या चित्रणात नाहीत, पण अलिबागला कुलाबा किल्ल्याकडे ओहोटीत चालत जाणाऱ्या घोळक्यात त्या सगळ्यांच्या पुढे आहेत, लुगड्याचा ओचा वर खोचून, पाण्यातून भराभर. मुंजीच्या रिळाने जे सांगितलं नाही ते या चौदा सेकंदांनी सांगितलं. भांडणं, आजारपणं, परीक्षेचे निकाल, कर्ज हे कोणी चित्रित करत नाही, हेही ध्यानात ठेवूनच बघायचं.

हे कोणत्या वर्षाचं आहे ते कसं कळणार?

कोडॅकची फिल्म असेल तर कडेला बारीक वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्या फिल्म बनवल्याच्या वर्षाच्या, आणि दर वीस वर्षांनी त्याच फिरून येतात. म्हणजे खुणेवरून १९४७ की ६७ हे कळत नाही, ते चित्र बघून ठरवायचं. शिवाय फिल्म बनली ते वर्ष म्हणजे चित्रणाचं वर्ष नव्हे. परदेशातून आणलेले रोल लोक जपून वापरत, दोन-तीन वर्षंही.

बाकी पुरावे चौकटीतच असतात. मुंबईत ट्राम दिसली तर ३१ मार्च १९६४ च्या आधीचं. त्या दिवशी शेवटची ट्राम धावली. काळा घोडा चौकात पुतळा जागेवर असेल तर १९६५ च्या आधीचं. गेटवेसमोर शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा असेल तर २६ जानेवारी १९६१ नंतरचं, आणि मागे ताजची उंच नवी इमारतही असेल तर सत्तरच्या दशकातलं किंवा पुढचं. घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून हे सगळं एका फेरीत चित्रित होतं, त्यामुळे ते रीळ लागलं तर सोनं समजा. सिंहगडावर दूरदर्शनचा मनोरा दिसला तर सत्तरच्या दशकाच्या आधीचं ते नाही. रस्त्यावर मारुती ८०० असेल तर १९८३ च्या डिसेंबरनंतरचं. गाडीचा नंबर एमएचने सुरू होत असेल तर १९८९ च्या आधीचं नाही.

आणि घरातली मुलं! कुठल्याही पुतळ्यापेक्षा पक्का पुरावा म्हणजे पुढचे दोन दात पडलेला मुलगा. त्याची जन्मतारीख माहीत आहे, सहा-सात वर्षं मिळवा. आमच्या घारापुरीच्या रिळावरून दोन वर्षं वाद चालू होता, तो माझ्या चुलतभावाच्या दातांनी मिटवला.

माणसंच ओळखू येत नाहीत. काय करू?

इथे मात्र घाई करा. फिल्म अजून वीस वर्षं टिकेल, पण त्यातली माणसं ओळखणारी व्यक्ती कदाचित टिकणार नाही. मी उलट क्रमाने गेले. आधी भारी स्कॅनिंग, रंगदुरुस्ती, यात दीड वर्ष घालवलं, आणि तोवर ज्यांना दाखवायचं त्यांतले दोघं गेले. आता सगळ्यांना सांगते: पैसे नंतर जमवा, आधी मोबाइलवर कामचलाऊ प्रत काढा आणि ती घेऊन ज्येष्ठांकडे जाऊन बसा.

बसायची पण पद्धत असते. सकाळी जा, दुपारच्या झोपेआधी. मोठ्या टीव्हीवर लावा, निम्म्या वेगाने. शेजारी दुसरा मोबाइल आवाज टिपायला ठेवा. "हे कोण?" असं पोलिसासारखं विचारत बसू नका; ती व्यक्ती बोलायला लागली की गप्प राहा. माझी चौऱ्याऐंशी वर्षांची आत्या माणसांची नावं अडखळत सांगते, पण वस्तू दिसली की धबधबा सुरू होतो. अलिबागच्या रिळात एक पितळेचा कडीचा डबा तीन सेकंद दिसतो. त्यावरून तिने सांगितलं की तो शेजारच्या बिऱ्हाडाचा, आत गूळपोळ्या होत्या, तो डबा तिथेच राहिला, आणि त्यावरून दोन घरांत पुढे वर्षभर अबोला होता. त्या शेजारणीचं नाव घेतलं आणि मग मागच्या ओळीतली निळ्या पातळातली बाई कोण हे आपोआप कळलं.

हा आवाज चित्रणावर चढवून वेगळी प्रत करा. मूळ मूकपट तसाच ठेवा. नावं कागदावर उतरवताना मिनिट-सेकंद लिहा: "दोन मिनिटं चाळीस सेकंद, डावीकडून तिसरी." नुसतं "मावशी" लिहू नका. तीस वर्षांनी कोणाची मावशी ते कोणाला कळणार?

डिजिटल कुठे आणि कसं करून घ्यायचं? भिंतीवर लावून मोबाइलने काढलं तर?

ओळख पटवायच्या कामचलाऊ प्रतीसाठी, फिल्म धडधाकट असेल आणि प्रोजेक्टर जाणत्या माणसाकडून दुरुस्त केलेला असेल तर ठीक. फिल्म आकसलेली असेल तर तेही नको. उजेडाच्या पांढऱ्या पाटावर फिल्म ठेवून चौकटींचे फोटो काढा. कायमच्या प्रतीसाठी मात्र भिंत नाही. प्रोजेक्टरची झडप आणि मोबाइलचा कॅमेरा यांचा ताल जुळत नाही, चित्र लुकलुकतं, मधे उजळ आणि कडेला काळोख येतो.

पक्कं काम म्हणजे एकेक चौकट स्वतंत्र स्कॅन करणं. दुकानदाराला चार गोष्टी विचारा. यंत्र फिल्म दातांनी ओढतं की रुळांवरून सरकवतं? (आकसलेल्या फिल्मला रूळ हवेत.) मूळ वेग १६ किंवा १८ ठेवणार का? नाहीतर सगळे चार्ली चॅप्लिनसारखे तुरुतुरु धावतात. मोठी, कमी दाबलेली फाइल आणि बघायला छोटी, अशा दोन्ही देणार का? आणि चकत्या, डबे, चिठ्ठ्या जशाच्या तशा परत मिळतील का?

पाचवी गोष्ट मी न विचारल्याचा परिणाम सांगते. एका दुकानाने आमच्या पाच रिळांवर स्वतःच्या हौसेने सनई चढवून दिली आणि वर "बोअर होतं म्हणून" कोरे, हललेले, केशरी भाग कापून टाकले. सिंहगडचा शालीखालचा भडकाही त्यात गेला. पुन्हा पैसे भरून दुसरीकडे स्कॅन करावं लागलं. तेव्हा लेखी द्या: काही कापू नका, काही घालू नका.

व्हीएचएसचं काय? ती तर रिळांपेक्षा नवी आहे.

नवी आहे म्हणूनच फसवते. चुंबकीय फीत फिल्मपेक्षा लवकर जाते. वर ती चालवणारी यंत्रं संपत चालली आहेत. नवे व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैमध्ये थांबली. तुमच्याकडे रिळं आणि कॅसेट दोन्ही असतील आणि रिळांना वास नसेल, तर आधी कॅसेट करा.

खिडकीतून आत बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरी जाळी दिसली तर ती बुरशी. अशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घालायची नाही. फीत फाटते आणि बुरशी यंत्राच्या हेडला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. साफ करणाऱ्याकडेच द्या. चांगली असेल तर आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा, मग चालवा. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, इथे शॉर्टकट नाही. लग्नाच्या कॅसेटमधलं गुलाबाच्या पाकळीतून उमलणारं नवरा-नवरीचं तोंड दुकानदाराला कापू देऊ नका. तो आपल्या इतिहासाचा भाग आहे.

मिनी डीव्हीवर आधीच डिजिटल माहिती असते. ती फायरवायर केबलने (असा कॅमेरा संगणकाला जोडायची केबल) जशीच्या तशी उतरवा, तासाला साधारण तेरा जीबी लागतात.

आत्याने अमेरिकेतून आणलेली कॅसेट आमच्याकडे लावली की नुसत्या रेघा दिसतात.

टीव्हीच्या चित्राच्या पद्धती देशोदेशी वेगळ्या. ती कॅसेट एनटीएससी पद्धतीची, आपली पद्धत ‘पाल’ (PAL). तिकडे चित्र ५२५ आडव्या रेघांचं बनतं, इकडे ६२५. कॅसेट बिघडलेली नाही. दोन्ही पद्धती वाचणारा व्हीसीआर असलेल्या माणसाकडे न्या. हाच घोळ उलटाही होतो: इथून न्यू जर्सीला पाठवलेली मुंजीची कॅसेट तिकडे कित्येक घरांत न बघता पडून आहे.

पुरात भिजलेलं रीळ वाचतं का?

कधी कधी. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर आणि मुंबईत २६ जुलै २००५ नंतर लोकांनी सगळ्यांत मोठी चूक केली ती म्हणजे भिजलेल्या वस्तू उन्हात वाळवल्या. फिल्म वाळताना तिच्यावरचा जिलेटीनचा थर पुढच्या वेढ्याला चिकटतो आणि मग चित्र सोलून निघतं. भिजलेली फिल्म स्वच्छ थंड पाण्यात बुडवून ठेवा आणि ओलीच लॅबमध्ये न्या, एक-दोन दिवसांत. कॅसेट मात्र बुडवून ठेवायची नाही: शुद्ध पाण्याने चिखल धुवा, सावलीत वाळवा, हेअर ड्रायर लावू नका.

हे कोणा संग्रहालयाला हवं असतं का? आमच्या घरची चित्रणं कोण बघणार?

पुण्यात विधी महाविद्यालय रस्त्यावर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, १९६४ मध्ये स्थापन झालेलं, २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून काम करतंय. प्रत्येक घरचं रीळ घेतीलच असं नाही, पण विचारायला काय हरकत? त्यांना रस वाढदिवसाच्या केकमध्ये नसतो. त्यामागच्या रस्त्यात, दुकानाच्या पाटीत, नदीच्या पाण्यात असतो. केंब्रिज विद्यापीठाच्या दक्षिण आशिया अभ्यास केंद्राने ब्रिटिश साहेबांच्या कुटुंबांनी हिंदुस्थानात काढलेली घरगुती चित्रणं जमवून ऑनलाइन ठेवली आहेत. त्यांत मडमांच्या चहापार्ट्या भरपूर, पण मागे ट्रे धरून उभा असलेला माणूसही दिसतो. आपल्या घरांतून निघालेली रिळं मागे राहिली तरच तो काळ दुसऱ्या बाजूनेही दिसेल.

जगातलं सगळ्यांत जास्त तपासलं गेलेलं हौशी चित्रण तर २६ सेकंदांचं आहे. अब्राहम झप्रुडर नावाचा कपड्यांचा व्यावसायिक २२ नोव्हेंबर १९६३ ला डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची मिरवणूक टिपायला ८ मिमी कॅमेरा घेऊन उभा होता. तोही बिचारा सहज म्हणूनच गेला होता.

डिजिटल झाल्यावर रिळं टाकून देऊ का?

अजिबात नाही. हार्ड डिस्क पाच-सात वर्षांत दगा देऊ शकते, सीडी-डीव्हीडीचाही भरवसा नाही. रीळ साठ वर्षं टिकलं आहे. माळ्यावरून मात्र उतरवा, पत्र्याखालची ती जागा म्हणजे भट्टी. बाहेरच्या भिंतीला न लागणारं, खालच्या मजल्यावरचं, कोरडं कपाट सगळ्यांत चांगलं. डांबराच्या गोळ्या शेजारी ठेवू नका. फाइलच्या तीन प्रती करा आणि एक दुसऱ्या गावी ठेवा, पूर येतो तेव्हा तिन्ही एकाच कपाटात नकोत.

कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलं तर चालेल?

टाका, पण ती प्रत संग्रहाची समजू नका, पाठवताना ती दाबली जाते. आणि लहानपणी अंगणात घंगाळात उघडी बसलेली मुलं आज साठीची आहेत. त्यांना विचारून टाका.

सुरुवात कुठून करू?

वास घ्या, रुंदी मोजा, डब्यावर आणि चकतीवर जे काही लिहिलंय त्याचे फोटो काढा. चिकटपट्टी, पोस्टाचे शिक्के, लॅबची पाकिटं, काहीही फेकू नका. पुसट पेन्सिलीवर पेन फिरवू नका. आमच्या एका डब्यावर काकांच्या अक्षरात "सिंहगड, दही" एवढंच लिहिलं आहे. ते रीळ आम्ही चाळीसेक वेळा बघितलं. दही कुठेच नाही.